घरोघरी कॉम्प्युटर सुरक्षेची सेवा: धंदा होतो का, आणि कसा करावा?

मी ही सेवा देते, म्हणून मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: इंदूरला जेल रोडजवळ लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान, गिऱ्हाईक बरंचसं मराठी घरांतलं, आणि आता कुटुंबांसाठी कॉम्प्युटर सुरक्षेची वार्षिक सेवा सुरू करायचा विचार आहे. लोक पैसे देतील का, अँटिव्हायरस कोणता विकावा, दर किती लावावा आणि गोची कुठे होते?

पैसे देतात. मात्र सुरक्षेसाठी म्हणून कोणी बोलवत नाही. मशीन हळू चालतंय, प्रिंटर दिसत नाही, स्क्रीनच्या कोपऱ्यात सारखं काहीतरी उगवतंय, अशा तक्रारीने बोलावणं येतं आणि सुरक्षेचं काम त्यातच बसवून घ्यावं लागतं.

खरा गिऱ्हाईक कोण, तेही सांगते. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर या भागांत आई-वडील दोघंच राहणारी घरं भरपूर. मुलं पुण्याला, बेंगळुरूला, नाहीतर अमेरिकेत. वडिलांची पेन्शन, मुदत ठेवी, हातात स्मार्टफोन आणि टेबलावर मुलाने जाताना सोडलेला जुना लॅपटॉप. सेवेचे पैसे मुलगा किंवा मुलगी पाठवते, कारण रात्री अकराला आईचा ‘अरे, हे काय आलंय बघ’ हा फोन त्यांनाच येतो. दुसरा गिऱ्हाईक म्हणजे घरातून काम करणारे: विमा एजंट, शिकवण्या घेणारे, दोन-चार दुकानांचं टॅली सांभाळणारे. त्यांच्या मशीनमध्ये दुसऱ्यांचे पॅन, आधार, बँकेचे कागद असतात. एकदा हे दाखवून दिलं की ते घासाघीस न करता पैसे देतात. लहान मुलं असलेली तरुण जोडपी प्रश्न खूप विचारतात आणि शेवटी यूट्यूब बघून स्वतःच करतो म्हणतात. त्यांच्यामागे फार वेळ घालवू नका.

आता अँटिव्हायरस. तो विकू नका, निदान उत्पन्नाचा आधार म्हणून तरी नको. विंडोजमध्येच येणारा डिफेंडर अपडेट होत असेल तर घरगुती मशीनला पुरतो. बॉक्सवर सुटणारे पैसे थोडे, किंमत गिऱ्हाईक तुमच्यासमोरच ऑनलाइन तपासतो, आणि कमिशन खाणाऱ्याचा सल्ला लोक वेगळ्या कानाने ऐकतात. क्विक हीलचं उदाहरण आपल्या मराठी लोकांत हमखास निघतं. पुण्यात दुरुस्तीचं दुकान चालवणारे कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय यांनी १९९५ च्या सुमारास अँटिव्हायरस बाजारात आणला आणि त्याची मोठी कंपनी झाली. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण तेव्हा फ्लॉपीतून आलेला व्हायरस मशीनचं नुकसान करायचा. आज घरातले पैसे जातात ते बहुतेक वेळा माणसाने स्वतःच्या हाताने पाठवलेले असतात, आणि तेही फोनवरून. त्यामुळे करारात फोन घेतला नाही तर ‘फॅमिली सिक्युरिटी’ हे नाव फुकट आहे.

तुम्ही विकणार आहात ती वर्षभराची जबाबदारी. तिची हद्द कुठे संपते ते पहिल्या दिवशी ठरवलं नाही तर धंदा वर्षभरात तुमच्या अंगावर येतो. खाली जे लिहिलंय त्यातलं निम्मं या हद्दीबद्दलच आहे.

पहिल्या भेटीला अडीच तास धरा आणि घरातले सगळे असतील अशी वेळ घ्या. रविवारी सकाळी, पोहे झाल्यावर, सगळ्यात बरं. आधी नुसतं विचारत बसायचं: बँकेचं काम कोण करतं, कशावर करतं, फोटो कुठे आहेत, कोणती गोष्ट गेली तर रडू येईल. शेवटच्या प्रश्नाला काकू लगेच उत्तर देतात, काकांना विचार करावा लागतो. त्यावरून बॅकअप कशाचा घ्यायचा ते कळतं.

मग मशीन. विंडोज १० असेल तर आधी तेच बोला, कारण त्याची नेहमीची अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. ती आपोआप होत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. घरात पडलेले निम्मे लॅपटॉप इथेच अडकतात. लगेच नवीन मशीन गळ्यात मारू नका. काका त्यावर फक्त बातम्या, ईमेल आणि नातवाशी व्हिडिओ कॉल करत असतील तर विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली, लिनक्स मिंट, टाकून द्या. आठवडाभर कुरकुर होते, मग सवय होते. श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणारे निवृत्त मास्तर असतील तर मात्र मिंटचं नाव काढू नका. त्यांच्या जुन्या फाइली, फॉन्ट आणि डोंगल सगळं विंडोजला बांधलेलं असतं. बॅकअप घेताना ते फॉन्टही घ्या. नुसती फाइल वाचली आणि फॉन्ट गेला तर उघडल्यावर मास्तरांना दिसतो तो नुसता रोमन अक्षरांचा गोंधळ.

पुढचं काम बहुतेक दुरुस्तीवाले करत नाहीत, आणि त्याचा उपयोग सगळ्यात जास्त. विंडोज बसवताना पहिलं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं, तयार होतं आणि घरातले सगळे जन्मभर तेच वापरतात. तुम्ही ॲडमिनचं वेगळं खातं करा आणि रोजच्या वापराचं खातं स्टँडर्ड करून टाका. आता एखादं इन्स्टॉलर चालू झालं की पासवर्ड मागणारी खिडकी येते. नातू कुठून तरी गेमचा क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली फुकट आवृत्ती, उतरवतो, खिडकी येते, आजोबांना पासवर्ड पाठ नसतो, प्रकरण तिथेच थांबतं. सगळं थांबत नाही हेही सांगून ठेवा: काही घाण वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसते, तिला ॲडमिनची परवानगी लागत नाही.

क्रॅकवर थोडं थांबते. घरगुती मशीनवर बरीच वर्षं फार दिसलेलं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, ते स्टॉप, ज्याला जेव्हू असंही म्हणतात, आणि ते पसरलं मुख्यतः फुकटच्या क्रॅक सॉफ्टवेअरमधून. प्रत्येक फाइलच्या नावापुढे एक अनोळखी शेपूट लागतं, फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी पडते आणि फोटो उघडत नाहीत. असं घर हाती आलं तर ‘नो मोअर रॅन्सम’ या साइटवर फुकट किल्ल्या मिळतात का ते बघा; युरोपोल आणि डच पोलिसांनी काही कंपन्यांबरोबर २०१६ मध्ये हा उपक्रम सुरू केला. जुन्या काही प्रकारांना उतारा सापडतो, नव्यांना बहुतेक नाही. सुटका होते ती बॅकअप असेल तरच.

बॅकअप म्हणजे लॅपटॉपला कायम लावून ठेवलेली हार्ड डिस्क नव्हे. रॅन्समवेअर तिच्यावरच्या फाइलीही कुलूपबंद करतं. गूगल ड्राइव्हशी फोल्डर सिंक केलेलं असेल तर बिघडलेली फाइलही इमानदारीत वर जाते. जुन्या आवृत्त्या काही दिवस मिळतात, पण त्याच्या भरवशावर लग्नाचे फोटो सोडू नयेत. मी एक बाहेरची डिस्क घ्यायला लावते, भेटीच्या दिवशी जोडते, कॉपी करते, काढते आणि काकूंच्या कपाटात ठेवायला देते. मग त्यांच्यासमोर त्याच डिस्कवरून एक फोटो परत उघडून दाखवते. हा शेवटचा भाग गाळू नका. परत आणून न पाहिलेला बॅकअप आहे की नाही हे कोणालाच माहीत नसतं. दोन भेटींच्या मधल्या काळासाठी फोनमधले फोटो क्लाउडवर जात राहू द्या.

स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले’ असं उगवतं, ती तक्रार तर ठरलेली. बहुतेक वेळा मशीनमध्ये काहीच नसतं. कोणत्या तरी साइटने नोटिफिकेशनची परवानगी मागितली आणि काकांनी ‘अलाउ’ दाबलं, एवढंच. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथली अनोळखी नावं काढा आणि यापुढे कोणत्याही साइटला विचारूच देऊ नका. पाच मिनिटांचं काम आहे. पण ते गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर करा आणि नक्की काय होतं ते खरं सांगा. ‘फार मोठा व्हायरस होता, काढला’ म्हणून हजार रुपये घेणारे आपल्या शहरात आहेत. त्यांच्यातले एक होऊ नका.

राउटरला फार वेळ नको: ॲडमिनचा मूळ पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्डशिवाय बटणाने जोडायची सोय) बंद करा, अपडेट असेल तर घ्या, पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय करा. डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.२ टाकला तर ओळखीच्या बऱ्याच घातक साइट उघडतच नाहीत. लहान मुलं असतील तर १.१.१.३, त्यात प्रौढांच्या साइटही अडतात. दोन्ही फुकट आहेत.

आता फोन, म्हणजे खरं काम. हल्ली व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, पाठवणारा ओळखीचाच असतो, कारण त्याचं खातं आधीच कोणाच्या तरी ताब्यात गेलेलं असतं. फाइलच्या नावात शेवटी एपीके लिहिलेलं असतं, म्हणजे ती पत्रिका नसून अँड्रॉइडचं ॲप असतं. ती दाबली की ॲप बसतं, एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि पुढे बँकेचे ओटीपी परस्पर चोरांकडे जातात. अँड्रॉइडमध्ये अनोळखी ॲप बसवायची परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी असते, म्हणून व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल्स या तिन्हींची बंद आहे का ते उघडून बघा. त्यानंतर ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे स्क्रीन वाचण्याची आणि हाताळण्याची परवानगी असलेल्या ॲपची, यादी बघा: तिथे ओळखीच्या ॲपशिवाय काही चालू दिसलं तर थांबा आणि आधी तेच तपासा. व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावा. अंगठा लावून पैसे काढण्याची सोय ज्या घराला लागत नाही, तिथे आधारचं बायोमेट्रिक लॉक करून द्या. यूपीआयला जोडलेल्या खात्यात घरखर्चापुरतीच रक्कम ठेवायला सांगा; पेन्शनचं खातं वेगळं. हा सल्ला तंत्रज्ञानाचा नाही, पण नुकसान सगळ्यात जास्त यानेच आवरतं.

बँकेच्या साइटबद्दल आता सांगायला एक सोपी खूण आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यावर जायला सांगितलं. पत्ता तसा नसेल तर पासवर्ड टाकायचा नाही, एवढं काकांच्या लक्षात राहतं.

आता हद्दीकडे येते. पहिली हद्द पासवर्डची. गिऱ्हाईकाचा कोणताही पासवर्ड तुमच्या फोनमध्ये, वहीत, एक्सेलमध्ये, कुठेही असता कामा नये. ‘ताई, तुमच्याकडेच राहू द्या, आम्ही विसरतो’ असा आग्रह होईल. नाही म्हणा. तरुणांना पासवर्ड सांभाळणारं बिटवॉर्डन ॲप शिकवा; सत्तरीच्या पुढच्यांना साधी वही, कपाटात, स्वतःच्या अक्षरात. घरातली वही बघायला चोराला घरात यावं लागतं, आणि तो धोका इंटरनेटच्या मानाने कितीतरी लहान. ॲडमिनचा पासवर्ड काकांकडून टाइप करून घ्या, तुम्ही पाठ फिरवून उभ्या-उभ्या खिडकीबाहेर बघा. नाटकी वाटेल, पण गिऱ्हाईक हे लक्षात ठेवतं. आणि रिकव्हरी नंबर तपासा. कितीतरी घरांत आजोबांच्या गूगल खात्याला रिकव्हरीसाठी फोन विकणाऱ्या दुकानदाराचा नंबर जोडलेला सापडतो. द्वेषाने कोणी केलेलं नसतं, घाईत उरकलेलं असतं, पण ते खातं आजोबांचं राहिलेलं नसतं.

दुसरी हद्द दुरून मशीन हाताळण्याची. दुसऱ्याची स्क्रीन दुरून चालवणाऱ्या एनीडेस्क ॲपवर बसल्या जागी काम होतं, मोह होतोच. पण रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच त्याच्या गैरवापराबद्दल बँकांना सावध केलं होतं, आणि आजही फसवणारे तेच बसवायला लावतात. तुम्ही काकूंना एकदा शिकवलंत की ‘सांगेन तो नंबर वाचून दाखवा’, की पुढच्या खोट्या फोनवर त्या तितक्याच तत्परतेने नंबर वाचून दाखवतात. माझ्याकडे फोनवर दुरून काम कधीच नाही. लॅपटॉपवर करायचं झालं तर विंडोजमध्येच येणारा, दुरून मदत करायचा क्विक असिस्ट, तोही फक्त त्यांनी मला फोन केला तर. मी स्वतःहून फोन करून ‘मशीन उघडा’ म्हणणार नाही, हे करारात लिहिलेलं आहे. कोणी माझ्या नावाने तसं म्हणालं तर फोन ठेवायचा, पाहुणचार करायचा नाही.

तिसरी हद्द सगळ्यात नाजूक, आणि तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेखच नाही. कुटुंब हा एक गिऱ्हाईक नसतो. पैसे देणारा मुलगा म्हणतो, बाबा फोनवर काय बघतात ते मला इथे दिसेल असं काही टाकून द्या. नवरा म्हणतो, हिच्या फोनमध्ये जरा बघून घ्या. सासूबाई सुनेचा लॅपटॉप पुढे करतात. प्रौढ माणसाचं उपकरण त्याच्या संमतीशिवाय उघडायचं नाही, मग पैसे कोणीही देवो. माहिती तंत्रज्ञान कायद्यात मालकाच्या परवानगीशिवाय यंत्रात शिरणं कलम ४३ खाली येतं, आणि करारामुळे हाती आलेली व्यक्तिगत माहिती नुकसान करण्याच्या हेतूने बाहेर सांगितली तर कलम ७२-अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. लहान मुलांची गोष्ट वेगळी: आई-वडिलांनी फॅमिली लिंक (मुलांच्या फोनसाठीचं गूगलचं ॲप) लावावं, मूल शेजारी बसलेलं असताना. फोटो कॉपी करताना जे नजरेला पडतं ते तिथेच विसरायचं. आपला समाज इथे लहान आहे. गणपतीत सगळे एकाच मांडवात भेटतात, आणि तुमच्या तोंडून एक वाक्य निसटलं तर सुदामा नगरातलं रामबागेत पोचायला संध्याकाळसुद्धा लागत नाही.

चौथी हद्द आश्वासनाची. ‘आता काही होणार नाही’ असं म्हणायचं नाही. झालं तर काय करायचं ते मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. पहिला फोन सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० ला, दुसरा बँकेला, मग सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यात सरकत असतात, म्हणून मिनिटांचा हिशेब असतो आणि तुम्हाला फोन त्यानंतर. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाचं तत्त्व त्यांना सांगून ठेवा: गिऱ्हाईकाची आणि बँकेची दोघांचीही चूक नसताना पैसे गेले आणि बँकेकडून कळल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तक्रार केली, तर भुर्दंड गिऱ्हाईकावर नाही, पण ओटीपी स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंत जे गेलं ते नुकसान गिऱ्हाईकाचं. अशा वेळी तुम्ही मशीन किंवा फोन फॉरमॅट करू नका. दुरुस्तीवाल्याचा हात आपोआप तिकडे जातो, पण पोलिसांना लागणारा पुरावा त्यातच असतो. इंटरनेट बंद करा, स्क्रीनचे फोटो घ्या, पासवर्ड दुसऱ्या चांगल्या उपकरणावरून बदलायला लावा. आणि ‘गेलेले पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारा फोन काही दिवसांत येईल, तो दुसरा चोर असतो, हेही आधीच सांगा.

डिजिटल अरेस्टबद्दल, म्हणजे खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर ‘अटक’ केल्याचं सांगून पैसे उकळतात त्याबद्दल, प्रत्येक भेटीत बोलायचं, मागच्या वेळी बोललो होतो तरी. भारतीय कायद्यात असा प्रकारच नाही, पोलीस व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाहीत. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हेच सांगितलं. तरी शिकलेली माणसं अडकतात, कारण त्यांना तासन्‌तास एकटं ठेवलं जातं. म्हणून घरात एक नियम करून द्या: कोणीही ‘घरच्यांना सांगू नका’ म्हणालं की त्याच क्षणी घरच्यांना सांगायचं.

दर. माझा सांगते, तुमच्या भागात थोडा वर-खाली होईल. पहिली भेट २,००० रुपये, त्यानंतर वर्षाचे ४,५००: दोन भेटी, सकाळी दहा ते संध्याकाळी सात फोनवर सल्ला, पैसे गेल्याचा फोन असेल तर कधीही. सुटे भाग आणि हार्डवेअर दुरुस्ती वेगळी. साठ घरं झाली तर वार्षिक २,७०,००० होतात, म्हणजे दुकान बंद करण्याइतके नाहीत, पण दुकानाचं भाडं डोक्यावरून उतरतं. भेटींपेक्षा वेळ खातात ते फोन. ‘हा मेसेज खरा आहे का’ एवढंच विचारायला काकू फोन करतात, आणि त्यावर कधीही चिडायचं नाही, कारण त्या फोनसाठीच त्यांनी पैसे भरलेत. करार एक पानाचा, मराठीत किंवा हिंदीत, वर लिहिलेल्या चारही हद्दी त्यात. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) फुकट होते, करून घ्या. सेवांसाठी जीएसटीची नोंदणी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते, तोवर साधी पावती चालते, पण द्या मात्र नक्की.

जाहिरातीवर पैसे घालू नका. गणेशोत्सवात मंडळाला तासभर मागून घ्या आणि भाषण न करता लोकांच्याच फोनमधलं नोटिफिकेशनचं आणि एपीकेचं सेटिंग त्यांच्याकडूनच बदलून घ्या. भीती घालून मिळवलेलं गिऱ्हाईक भीती ओसरली की करार मोडतं, हे मी बघितलंय.

सुरुवात मात्र दुकानापासून करा. दुरुस्तीला आलेल्या मशीनचे बॅकअप तुमच्या हार्ड डिस्कवर किती महिने पडून आहेत? काम झाल्यावर पंधरा दिवसांत पुसायचे, असा नियम पाटीवर लिहून लावा आणि पाळा. शिवाय काउंटरवर क्रॅक केलेलं ऑफिस टाकून द्यायचं आणि रविवारी जाऊन सुरक्षेचा करार विकायचा, हे एकत्र चालणार नाही. क्रॅक बंद केलात की काही गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. उरलेल्यांना फुकट मिळणारं लिबरऑफिस टाकून द्या. युनिकोड मराठी त्यात व्यवस्थित चालते, आणि अर्ज, पत्रं, सोसायटीचा हिशेब एवढं काम असणाऱ्या घरांना ते पुरतं.